घराची आपत्ती-तयारी : रोहिणी ते मृग आणि पुढे

२ मार्च

या कामाला आजपासून सुरुवात केली आहे. आमचे घर नागपूरच्या पश्चिम भागात, अंबाझरी तलावाच्या सांडव्याखालच्या वस्तीत, नाग नदीपासून तीन गल्ल्या आत आहे. तळमजला, वर एक मजला आणि त्यावर गच्ची अशी रचना असून घरात माणसे पाच आहेत. त्यांपैकी सासूबाईंचे वय ७८ असून त्यांना रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते आणि गुडघ्यांमुळे जिना चढणे त्यांना जड जाते. ही माहिती सुरुवातीलाच लिहून ठेवली, कारण तयारी घराची करायची म्हणजे या घराची आणि या माणसांची करायची. इंटरनेटवरच्या तयार याद्यांत लोकरीचे कांबळे, शिट्टी आणि डबाबंद मांस यांना मानाचे स्थान आहे, पण ४५ अंशांच्या दुपारी वीज गेली तर इन्सुलिन कोठे ठेवायचे याविषयी एक ओळही नाही.

म्हणून धोक्यांचा क्रम आम्ही नागपूरच्या अनुभवावरून लावला. पहिला क्रमांक उष्म्याचा, कारण तो दर वर्षी येतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती आणि ४५ च्या आसपासचे दिवस तर मे महिन्यात कोणाला बातमीसुद्धा वाटत नाहीत. दुसरा क्रमांक पुराचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोक झोपेत असताना पाणी घरांत शिरले. तिसरा क्रमांक गॅस आणि आग यांचा. भूकंपाचा क्रमांक शेवटी ठेवला आहे, कारण नागपूर कमी धोक्याच्या दुसऱ्या क्षेत्रात गणले जात आले आहे. तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या आठवणीने एवढे केले, की झोपण्याच्या खोल्यांतील उंच कपाटे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला पक्की करून घेतली आणि पलंगाच्या डोक्यावरची जड तसबीर हलवली. भूकंपाचे काम इथेच संपले.

क्रम लावताना एक अडचण ध्यानात आली आणि पुढचे सगळे नियोजन तिच्याभोवती फिरणार आहे. उन्हाळ्यात आमचा वरचा मजला स्लॅबमुळे भट्टीसारखा तापतो, म्हणून आश्रयाची जागा तळमजला. पुरात तळमजला पहिला बुडणार, म्हणून आश्रयाची जागा वरचा मजला. एकाच ठिकाणी एकच पिशवी भरून ठेवल्याने हे घर तयार होणार नाही. साहित्य आणि माणसे दोन्ही ऋतूप्रमाणे हलवावी लागतील आणि हलवण्याचा दिवस आधीच ठरवावा लागेल. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे नवतपाच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सर्व काही खाली असेल आणि मृग लागताच सर्व काही वर जाईल, असे ठरले.

९ मार्च

विजेचा हिशेब केला. घरात १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. कागदावर ती १८०० वॅट-तास भरते, पण बॅटरीचे आयुष्य टिकवायचे तर साधारण साठ टक्क्यांपलीकडे ती रिकामी करू नये, आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट वजा केली की हाती सुमारे ९०० वॅट-तास उरतात. आजपर्यंत वीज गेली की सर्वांच्या सवयीने ७५ वॅटचे दोन जुने पंखे, ९ वॅटचे चार दिवे आणि वाय-फायचा राउटर चालू राहत असे, म्हणजे १९६ वॅटचा भार पडून साडेचार तासांत बॅटरी संपत असे. तेच पंखे ३० वॅटच्या बीएलडीसी प्रकारचे केले तर तेवढीच बॅटरी साडेआठ तास पुरते, आणि दिवा एकच ठेवला तर अकरा तासांच्या वर जाते. दुसरी बॅटरी घेण्याचा विचार होता. तो सोडून दिला आणि दोन पंखे बदलले.

बॅटरी आजवर जिन्याखाली, जमिनीपासून सहा इंच उंच स्टुलावर होती. ती जिन्याच्या वळणावरील चौथऱ्यावर हलवली, म्हणजे पुरात ती पाण्याच्या वर राहील आणि तेथील खिडकीमुळे वाराही खेळेल. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे बंद कपाटात ती ठेवण्याची पद्धत कितीही नीटनेटकी दिसली तरी योग्य नाही. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर लवकर उडते, म्हणून मार्च ते जून पातळी महिन्यातून दोनदा पाहायची आणि टर्मिनलांना व्हॅसलीन लावून ठेवायचे, असे ठरले.

१६ मार्च

इलेक्ट्रिशियन येऊन गेले. कूलर बाहेर काढण्यापूर्वीच हे काम करून घ्यायचे होते, कारण नागपुरात उन्हाळ्यातील घरगुती अपघातांचा विचार कूलरपासूनच सुरू करावा लागतो. लोखंडी पत्र्याचे अंग, तळाशी भरलेले पाणी, त्या पाण्यात बुडालेला पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाईपने पाणी भरणारा माणूस, एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर पंपाच्या वायरीवरचा एखादा तडासुद्धा जिवावर बेतू शकतो.

त्यांनी अर्थिंग तपासले. खड्डा कोरडा ठणठणीत होता. "काकू, अर्थिंग आहे, पण नावालाच आहे," असे म्हणून त्यांनी जे समजावून सांगितले ते येथे नोंदवते. अर्थिंगचा रोध समजा २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला कूलरच्या पत्र्यातून जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, तो नेहमीचाच भार वाटणार, म्हणून ती पडणारच नाही आणि पत्र्यात वीज तशीच खेळत राहील. माणसाचा जीव वाचवणारे उपकरण वेगळे आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते आणि फरक पडताच क्षणार्धात पुरवठा तोडते. ती बसवून घेतली. इन्व्हर्टर असलेल्या घरात ती विनाकारण पडत राहते अशी सर्वत्र तक्रार असते आणि वैतागून लोक तिला वगळून सरळ जोडणी करून घेतात. त्याचे कारण इन्व्हर्टरच्या आणि मुख्य लाइनच्या न्यूट्रलची सरमिसळ हे असते. आमच्याकडेही ती होती. न्यूट्रल वेगळे काढायला त्यांची दुपार गेली, पण आता आरसीसीबी उगाच पडत नाही. तिच्यावरचे चाचणीचे बटण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबायचे आहे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर बादलीभर पाणी घालायचे आहे.

याच भेटीत तळमजल्यावरील सर्व सॉकेट फरशीपासून चार फुटांवर घेतले आणि तळमजल्याचा पुरवठा स्वतंत्र स्विचवर आणला, म्हणजे खाली पाणी शिरले तरी खालची वीज तोडून वरची चालू ठेवता येईल. घरचा नियम एकच : कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला असेल. नुसता स्विच बंद करून चालणार नाही.

६ एप्रिल

पाणी. शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते आणि आमच्या भागात ते बऱ्यापैकी नियमित येते, त्यामुळे साठ्याची सवय मोडली आहे. पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता धरून माणशी रोज १५ लिटर हा आपत्तीच्या काळासाठीचा मान्य हिशेब आहे. पाच जणांचे ७५ लिटर होतात, म्हणजे गच्चीवरची १००० लिटरची टाकी भरलेली असेल तर काटकसरीने दहा-बारा दिवस निघतील. अडचण अशी की टाकी भरायला पंप लागतो आणि पंपाला वीज लागते. म्हणून टाकी रिकामी झाल्यावर नव्हे, तर रोज सायंकाळी ती भरून घ्यायची, एवढा एकच बदल केला. त्याला खर्च शून्य आहे.

जमिनीखालच्या टाकीचा मात्र भरवसा धरलेला नाही. पुराचे पाणी, म्हणजे प्रत्यक्षात गटाराचे पाणी, सर्वांत आधी तिच्यात शिरते. पूर ओसरल्यावर ती पूर्ण उपसून, घासून आणि निर्जंतुक करूनच वापरायची, आणि तोपर्यंत खालून वर पाणी चढवायचे नाही. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, आणून ठेवली. निवळलेल्या १००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर पुरते. ती थेट टाकीत न टाकता थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि किमान अर्धा तास थांबायचे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्यायला हवे, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. ओलावा आणि उष्णता लागली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून थोडीच घेतली आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, स्वयंपाकघरापासून दूर, अंधाऱ्या जागी ठेवली.

२० एप्रिल

इन्सुलिनचा प्रश्न या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक आहे. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. वापरात असलेली कुपी साधारण ३० अंशांच्या आत असेल तर सुमारे चार आठवडे चालते, नेमके दिवस त्या त्या औषधाच्या पत्रकात दिलेले असतात. दार उघडले नाही तर फ्रिज वीज गेल्यावर चारेक तास गार राहतो. त्यापुढे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारले. त्यांनी पहिली सूचना दिली ती अशी, की घाबरून कुपी बर्फात खुपसू नका, कारण गोठलेले इन्सुलिन तापलेल्याइतकेच निकामी होते आणि ते गोठून गेले होते हे नंतर बघून कळेलच असे नाही.

उपाय सासूबाईंनीच सुचवला. त्या म्हणाल्या, "आम्ही गावी लोणी माठाच्या पोटात ठेवत होतो, ते वितळत नसे. तुझं औषध काय लोण्यापेक्षा नाजूक आहे का?" नाजूक आहेच, म्हणून त्यांच्या उपायाला थर्मामीटरची जोड दिली. बाजारातून एकात एक बसतील अशी दोन बिनरंगाची मातीची मडकी आणली. रंग लावलेले मडके पाझरत नाही, त्यामुळे ते या कामाचे नाही. मोठ्या मडक्याच्या तळाशी रेती घातली, त्यावर लहान मडके बसवले, दोघांमधली फट रेतीने भरली आणि रेती चिंब केली. लहान मडक्यात कोरड्या झाकणबंद स्टीलच्या डबीत थर्मामीटर ठेवला आणि तोंडावर ओले फडके टाकले. मडके माजघरात, खिडकीच्या झुळकीत, पण उन्हापासून दूर ठेवले आहे.

४ मे

मडक्याच्या नोंदी जमा झाल्या. दुपारी खोलीत ३८ ते ३९ अंश असताना आतल्या डबीत २६ ते २७ अंश राहतात. सकाळ-दुपार रेतीत पाणी घालावे लागते आणि एखाद वेळी ते राहून गेले तर संध्याकाळपर्यंत आकडा ३० च्या वर सरकतो. हे सर्व नागपूरच्या कोरड्या हवेचे देणे आहे. जुलैत हवेत ओल आली की पाणी उडणार नाही आणि मडके केवळ मडके उरेल, पण तेव्हा खोलीचे तापमानही ३० च्या आसपास उतरलेले असते. वापरातली कुपी मडक्यात, जादा कुप्या फ्रिजमध्ये, आणि साठा महिनाभराच्या वर करायचा नाही, असे ठरले. पावसाळ्यासाठी रक्त-तपासणीच्या पट्ट्या, सुया आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असा वेगळा डबा बांधला.

साखर उतरल्यास द्यायचा ग्लुकोजचा पुडाही त्यात आहे. वीज जाते, जेवणाची वेळ चुकते, इन्सुलिन मात्र घेतलेले असते, आणि मग घाम व चक्कर उन्हामुळे आहेत की साखर उतरल्यामुळे, हे ओळखता येत नाही. अशा वेळी आधी साखर तपासायची.

१८ मे

गॅस आणि आग. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्यापुढच्या तिमाह्या, आणि त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची चाचणी व्हायला हवी असते. ते वाचूनच सिलिंडर उतरवून घ्यायचे. नळीला पाच वर्षे होत आली होती, ती बदलली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो, म्हणून वास आल्यावर उंच खिडकीआधी दार उघडायचे, रेग्युलेटर बंद करायचा, कोणतेही बटण दाबायचे नाही, चालू असलेले बंदसुद्धा करायचे नाही, आणि घराबाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवायचे.

पुराच्या दृष्टीने एक बाब मुद्दाम तपासून पाहिली. १४.२ किलोचे भरलेले सिलिंडर रिकाम्या टाकीसह २९-३० किलो भरते आणि त्याची नुसती आतली मापे ३३ लिटरची आहेत, म्हणजे भरलेले सिलिंडरसुद्धा पाण्यात तरंगते. तरंगताना ते नळीला हिसका देते आणि जोड सुटतो. म्हणून पाणी अंगणात आले की रेग्युलेटर काढून सिलिंडरला सुरक्षा टोपी लावायची आणि ते ओट्याखालच्या कडीला साखळीने बांधायचे.

एबीसी प्रकारचे चूर्ण असलेले अग्निशामक स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लावले. आत लावले असते तर आगीकडे जाऊन ते काढावे लागले असते. काटा हिरव्यात आहे ना ते पाहायचे आणि आतले चूर्ण बसून घट्ट होऊ नये म्हणून महिन्याला एकदा ते उलटे करून हलवायचे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून ताट झाकायचे आणि पाण्याला हात लावायचा नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय याच शहरात आहे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमीही येथेच आहे. देशभरातले लोक येथे येऊन शिकून जातात, आणि आमच्या गल्लीत मात्र अग्निशामक असलेले घर शोधावे लागते.

२७ मे

नवतपा चालू आहे. आज दुपारी बारा वाजता मेन स्विच बंद केला आणि सहापर्यंत चालू केला नाही. बाहेर ४५ अंशांच्या आसपास होते. बाहेरच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये असे माझे मत झाले आहे. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, देशभर खळबळ उडाली आणि मग हवामान विभागाने संवेदकात बिघाड असल्याचे सांगितले. माणसाला बाधते ते त्याच्या खोलीतले तापमान. दुपारी तीन वाजता आमच्या वरच्या खोलीत ४१ आणि खाली माजघरात ३५ होते. गच्चीला या वर्षी पांढऱ्या चुन्याचा लेप दिला असूनही हा फरक आहे. त्यामुळे दुपारी सर्वांनी एकाच खोलीत, खाली बसायचे हा नियम पक्का झाला. १२० वॅटचा लहान कूलर इन्व्हर्टरवर पाच तास चालला आणि तरी रात्रीच्या एका पंख्यापुरती बॅटरी शिल्लक राहिली.

हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा वृद्धांना उपकारक ठरत नाही, उलट गरम हवा अंगावर फेकतो. ओल्या फडक्याने अंग पुसून पंख्याखाली बसवले तर मात्र कोरड्या हवेत त्याचा चांगला उपयोग होतो. पाणी तहानेची वाट न पाहता द्यायचे, कारण वय वाढले की तहान उशिरा कळते. ओआरएसची पाकिटे आहेत, ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सासूबाईंच्या बाबतीत साखर असल्याने हे केवळ जुलाब-उलट्या झाल्या तर आणि डॉक्टरांना विचारून द्यायचे, एरवी पाणी आणि मीठ घातलेले पातळ ताक. पन्ह्याचा आग्रह त्यांनी धरला, तो गुळाविना मान्य झाला.

कोणी बरळू लागले, चाल लडखडली, अंग तापले पण भान हरपत चालले, तर तो उष्माघात समजून आधी थंड करायचे आणि मग गाडी शोधायची. कपडे सैल करून अंगावर पाणी, पंखा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, आणि बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालायचे नाही. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांकडे जाणारे रस्ते मुलाने पाहून ठेवले आहेत.

८ जून

मृग लागला. आज घर हलवले. २०२३ चा डाग फाटकाच्या खांबावर अजून दिसतो. रस्त्यापासून तो तीन फुटांवर आहे, आमचे जोते दीड फुटाचे, म्हणजे आत दीड फूट पाणी होते. दुप्पट धरून फरशीपासून तीन फुटांखाली मोलाची वस्तू ठेवायची नाही, असा दंडक केला. धान्याच्या कोठ्या, मुलांची पुस्तके आणि कागदपत्रे वर गेली. मुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे, पोहे आणि सातूचे पीठ असा न शिजवता खाता येईल असा शिधा वरच्या खोलीत ठेवला आहे.

पाणी घरात दारातून शिरते ही समजूत खरी नाही. ते आधी न्हाणीच्या जाळीतून आणि संडासातून वर येते, कारण बाहेरचे चेंबर तुडुंब भरले की दाब उलटतो. दाराशी पोती रचून माणसे वाट पाहत बसतात आणि मागून घर भरते. बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवून घेतली, आणि जाळीवर व संडासाच्या भांड्यात दाबायला जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत रेती भरून ठेवली. झडपेत कचरा अडकला तर ती मिटत नाही, म्हणून महिन्यातून एकदा चेंबरचे झाकण उघडायचे आहे.

सासूबाईंनी वर झोपायला ठाम नकार दिला. त्यांची खोली खाली, देवघर खाली, न्हाणी खाली. "रात्री पाणी आलं तर मला उठवा, मी काही मुकी नाही," असे त्यांचे म्हणणे. पण ती पहाटेची वेळ, अंधार आणि त्यांचे गुडघे हे गणित मांडून दाखवल्यावर त्यांनीच अट घातली की ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढेच वर झोपेन. विचार केल्यावर ती अट योग्य वाटली. जूनमध्ये तलावात जागा असते. अंबाझरी भरून सांडव्यावरून वाहू लागला की मग त्यावर पडणारा मोठा पाऊस थेट नदीत उतरतो. २०२३ मध्ये तर घरोघरी गणपती बसलेले असताना, पाऊस संपत आल्याच्या भावनेत सगळे असताना पूर आला. तलाव सांडव्यावरून वाहत असेल आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर महिना कोणताही असो, त्या रात्री सर्वांनी वर झोपायचे. वरच्या संडासात आधाराची दांडी बसवून घेतली.

१५ जून

विजा आणि साप. भ्रमणध्वनीवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत ही दोन ॲप घेतली. पुरानंतर साप कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. मण्यार रात्री चावते आणि दंश दुखतही नाही, त्यामुळे पूर ओसरल्यानंतर काही दिवस जमिनीवर अंथरूण घालायचे नाही आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची. दंश झाला तर चिरायचे नाही, करकचून बांधायचे नाही, हालचाल कमी ठेवून सरळ मेडिकल गाठायचे.

२२ जून

कागदपत्रे आणि विमा. जागेची कागदपत्रे (सुधार प्रन्यासचे आरएल पत्र आणि आखीव पत्रिका), विम्याची कागदपत्रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या जलरोधक पिशवीत वर ठेवल्या आणि आधार वगैरे डिजिलॉकरमध्ये आहेत याची खात्री केली. घरासाठी भारत गृह रक्षा हा १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे एकाच नमुन्यात मिळणारा विमा घेतला. त्यात पूर, भूकंप, वीज पडणे, आग हे सारे येते, आणि इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख, एवढे घरातल्या सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नसते. क्षेत्रफळ आणि पुन्हा बांधायला येणारा खर्च एवढेच धरायचे, म्हणून हप्ता वाटला होता त्याहून बराच कमी आला. प्रत्येक खोलीचे व्हिडिओ काढून ठेवले. पुरानंतर चिखल काढण्याआधी पुन्हा छायाचित्रे घ्यायची आहेत, कारण पंचनाम्याला येणाऱ्यांना स्वच्छ घर दाखवून काही साधत नाही.

गाडीसाठी इंजिन संरक्षणाची जोड घेतली. बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह आवरायचा, कारण इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि आतले भाग वाकतात.

६ जुलै

पहाटे तीनला गजर लावून सराव केला. यांनी खालचा वीजपुरवठा तोडला, मुलाने सिलिंडर सोडवून बांधले, मुलीने न्हाणी आणि संडासात रेतीच्या पिशव्या दाबल्या, मी औषधांचा डबा आणि कागदपत्रे तपासली. सासूबाईंना मी आणि यांनी दोन्ही बाजूंनी धरून वर नेले. जिन्यावर विजेरी धरायला तिसरा माणूस लागतो हे दिसले, म्हणून जिन्यात बॅटरीवर चालणारे, हालचाल ओळखून लागणारे दोन दिवे लावले. ११२, १०८, १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक वरच्या खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिले.

सरावाच्या गडबडीने समोरचे काका जागे झाले आणि सकाळी चौकशीला आले. त्यांचे घर बैठे आहे, वर जायला मजलाच नाही, आणि दोघेच राहतात. २०२३ ला ते दोघे ओट्यावर खुर्ची ठेवून उजाडेपर्यंत बसले होते. इशारा असलेल्या रात्री त्यांनी आमच्याकडे झोपायला यावे असे ठरले आणि फाटकाची एक किल्ली त्यांना दिली. काकांना रक्तदाबाची गोळी असते, काकूंना काही नाही. आता हिशेब सात माणसांचा झाला : पाणी रोज १०५ लिटर, म्हणजे टाकी नऊ दिवसांची. शिधा दीडपट करायचा आहे, दोन गाद्या आणि एक मच्छरदाणी आणायची आहे, आणि काकांच्या गोळ्यांची आठवडाभराची पट्टी आमच्या डब्यात ठेवायची आहे.